इमारतीची उंची कशी ठरते?
उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापुरात घर घेण्यापूर्वी हे माहीत हवे

घर घेताना ग्राहक दर, पाणी आणि स्थानकापासूनचे अंतर यांची चौकशी करतो. त्या भूखंडावर किती मजल्यांना परवानगी आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या शेजारी शहरांत हा प्रश्न आधी विचारायला हवा.

नियम काय सांगतो?

डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ही तिन्ही शहरे तिच्या कक्षेत येतात. औद्योगिक वसाहतींतील भूखंडांना मात्र एमआयडीसीचे स्वतंत्र नियम आहेत.

प्रत्यक्षात किती मजले चढवता येतील, हे एका आकड्यावर ठरत नाही. दाट वस्तीबाहेर मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय) १.१ आहे. अधिमूल्य भरून किंवा विकास हक्क हस्तांतरणातून (टीडीआर) तो वाढवता येतो. पण समोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असल्यास ही सवलत मिळत नाही. रस्ता जितका रुंद, तितका वाव अधिक.

दुसरी अट सामासिक अंतराची. उंच इमारतीच्या बाजूंना साधारणपणे उंचीच्या एकपंचमांश जागा मोकळी सोडावी लागते. पंधरा मीटर रुंद भूखंडावर ३० मीटरची इमारत उभारायची तर दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर सोडून मध्ये जेमतेम तीन मीटर उरतात. उजेड आणि हवा मिळावी व अग्निशमन दलाचा बंब इमारतीपर्यंत पोहोचावा, हा यामागचा हेतू. २४ मीटर, म्हणजे सुमारे आठ मजले गाठणारी इमारत 'उंच इमारत' मानली जाते आणि तिला अग्निसुरक्षेचे अधिक कडक निकष लागतात.

तीन शहरे, तीन अडचणी

उल्हासनगर वसले ते फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी निर्वासितांमुळे. लहान भूखंड आणि अरुंद गल्ल्या हा त्याचाच वारसा. नियमाने मिळत नसलेले मजले येथे परवानगीशिवाय चढले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये राज्याने या एका शहरासाठी नियमितीकरणाचा स्वतंत्र कायदा केला. मात्र नियमितीकरणाने बांधकामाचा दर्जा सुधारत नाही. २८ मे २०२१ रोजी नेहरू चौक परिसरात पाचव्या मजल्याचा स्लॅब तळापर्यंत कोसळून सात जणांचा बळी गेला. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिका कायद्यानुसार संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. १९९०च्या दशकातील या इमारतीने तिशीही गाठली नव्हती.

अंबरनाथमध्ये शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० मधील शिवमंदिर केंद्र संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे. पुढील २०० मीटरच्या टप्प्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते आणि उंचीवर मर्यादा येऊ शकते.

बदलापुरात प्रश्न उल्हास नदीच्या पूररेषेचा. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ चे पूर रहिवासी विसरलेले नाहीत. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. निळ्या व लाल रेषांमध्ये अटींवर परवानगी मिळते आणि जोते पूरपातळीच्या वर घ्यावे लागते.

काय तपासावे?

मंजूर नकाशा व बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र पाहावे. त्यातील मजले आणि प्रत्यक्षातील मजले जुळतात का, ते स्वतः मोजावे. समोरच्या रस्त्याची रुंदी, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला आणि महारेरा नोंदणी पडताळावी. बदलापुरात पूररेषेचा, तर अंबरनाथच्या मंदिर परिसरात स्मारक प्राधिकरणाचा दाखला मागावा. तयार घर असेल, तर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नये. मंजुरीत नसलेल्या मजल्यावरील घर स्वस्त मिळते, पण कारवाईची टांगती तलवार खरेदीदाराच्याच डोक्यावर राहते.