एकुलती एक गाडी

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालू आहे. गाडी. सध्याची पेट्रोल गाडी तेरा वर्षांची झाली. आमचा मेकॅनिक हल्ली बॉनेट उघडून नुसती मान हलवतो आणि परत बंद करतो. लेक म्हणते, "बाबा, आता इलेक्ट्रिकच घ्या." बायको म्हणते, "कुठली घ्यायची ती घ्या, पण रस्त्यात बंद पडणारी नको." मी सवयीप्रमाणे वही काढली. गेलं वर्षभर रोज किती किलोमीटर झाले ते मी लिहून ठेवत होतो (होय, आहे मी असा!). हिशोब असा निघाला की ३६५ पैकी ३५१ दिवस आमची गाडी साठ किलोमीटरच्या आत फिरली. ऑफिस, भाजी, लेकीचा क्लास, एखादं लग्न. यातले बरेच दिवस तर ती नुसती पार्किंगमध्ये उभी होती.

राहिले चौदा दिवस. त्यातले बहुतेक पुणे-चिपळूण. आई तिथे एकटी असते.

स्वस्तातली इलेक्ट्रिक गाडी आपल्यासारख्याला परवडेल का, चालेल का, हे शोधायला बसलो आणि नेहमीप्रमाणे भलतीकडेच वाहवत गेलो. पुढे बघायचं सोडून मागे मागे वाचत राहिलो. आणि लक्षात आलं की हा प्रश्न माझ्या पणजोबांच्या वयाचा आहे.

इलेक्ट्रिक गाडी ही नवी गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात १९०० साली अमेरिकेत ज्या मोटारगाड्या तयार झाल्या त्यांची मोजणी उपलब्ध आहे. एकूण ४,१९२. त्यातल्या १,६८१ वाफेवरच्या, १,५७५ विजेवरच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६! त्याच्या आदल्याच वर्षी, २९ एप्रिल १८९९ रोजी, कामिय जेनात्सी नावाच्या बेल्जियन माणसाने पॅरिसजवळ ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला. त्याची तोफगोळ्यासारखी दिसणारी गाडी विजेवर चालत होती. म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीला पेट्रोलची गाडी तिसऱ्या नंबरवर होती.

आणि ते साहजिकच होतं. पेट्रोलची गाडी तेव्हा आवाज करायची, धूर ओकायची, आणि सुरू करायची तर समोर उभं राहून लोखंडी दांडा गरागरा फिरवावा लागायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. विजेच्या गाडीत बसलं की निघालं. शहरातले डॉक्टर, व्यापारी, श्रीमंत घरच्या बायका यांची तिला पसंती होती.

मग ती हरली कशी? शाळेच्या पुस्तकासारखं उत्तर ठरलेलं आहे. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली आणि पेट्रोल गाडी स्वस्त झाली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला आणि तो दांडा गेला. टेक्सासमध्ये १९०१ साली तेलाचा मोठा साठा लागला होताच. संपलं. हे सगळं खरं आहे, पण मला त्याहून एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. ती म्हणजे डबा.

पेट्रोल डब्यात भरता येतं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याच्या गाडीतून मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. पेट्रोलपंप ही चीजच अस्तित्वात नव्हती. इंधन संपत आलं तेव्हा वाटेतल्या एका गावात तिने चक्क औषधाच्या दुकानातून ते विकत घेतलं. अमेरिकेतही पहिली अनेक वर्षं पेट्रोल किराणा दुकानात मिळायचं. मुद्दाम बांधलेला पंप पिट्सबर्गमध्ये उभा राहिला तो १९१३ साली. म्हणजे 'आधी पंप, मग गाड्या' असं काही झालेलं नाही. पंप नव्हते तरी चाललं, कारण डब्यातून माल खेड्यापाड्यात पोचत होता. वीज काही डब्यातून नेता येत नव्हती. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या बहुतेक घरांत वीजच नव्हती. जिथे होती तिथेही अनेकदा ती एसी, आणि बॅटरीला लागते डीसी. त्यासाठी घरी पाऱ्याच्या दिव्यासारखं दिसणारं रेक्टिफायर नावाचं प्रकरण बसवावं लागे. हे सगळं परवडणार कोणाला? ज्याच्याकडे स्वतःचं घर आणि घराला स्वतःचं गॅरेज आहे, त्याला.

पुन्हा किंमत. १९१२ साली विजेची छोटी रोडस्टर १,७५० डॉलरला पडायची आणि पेट्रोलची गाडी ६५० ला मिळत होती. डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही त्या काळातली नावाजलेली गाडी. ८० मैल, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर जाते अशी तिची जाहिरात असे. १९०७ ते १९३९ या काळात अशा साधारण तेरा हजार गाड्या निघाल्या. त्यातली एक कोणाकडे होती, ठाऊक आहे? क्लारा फोर्डकडे. हेन्री फोर्डच्या बायकोकडे! तिची १९१४ ची गाडी आजही म्युझियममध्ये आहे. सगळ्या जगाला पेट्रोलवर आणणाऱ्या माणसाच्या घरात बायको गावातल्या गावात फिरायला विजेची गाडी वापरत होती.

हे वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, यात सगळी गोष्टच आली की. क्लाराबाईंना ती गाडी उत्तम चालत होती, कारण घरात दुसऱ्या गाड्या होत्या. लांब जायचं तर ती घ्यायची नव्हती. विजेची गाडी चालते की नाही हा प्रश्न तेव्हाच सुटला होता, चालत होतीच. प्रश्न होता तो घरातली एकुलती एक गाडी म्हणून चालेल का, हा. आयोवातल्या शेतकऱ्याला आयुष्यात एकच गाडी घेणं शक्य होतं. तिनेच बाजारात न्यायचं, तिनेच चर्चमध्ये, तिनेच तीस मैलांवरच्या आजारी भावाकडे. त्याने मॉडेल टी घेतली. त्याला मागासलेला म्हणायचं कारण नाही, त्याचा हिशोब बरोबर होता.

स्वतः फोर्डलाही हे खुपत असावं. १९१४ साली त्याने जाहीर केलं की एडिसनच्या बॅटरीवर चालणारी स्वस्त इलेक्ट्रिक गाडी आम्ही आणतोय. प्रयोगासाठी एक-दोन सांगाडे तयारही झाले. गाडी आली नाही. 'स्वस्त इलेक्ट्रिक गाडी लवकरच येत आहे' ही बातमी शंभर वर्षांहून जुनी आहे!

याच काळात एका गावाने मात्र वेगळी वाट धरली होती. कनेटिकट राज्यातलं हार्टफर्ड. तिथल्या वीज कंपनीने १९१० च्या सुमारास एक योजना काढली. विजेचा ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा, म्हणजे तो स्वस्त पडणार. बॅटरी कंपनीच्या मालकीची. महिन्याला ठरलेलं भाडं आणि वर जितके मैल तितके पैसे. संपलेली बॅटरी द्यायची, भरलेली घ्यायची. बॅटरी मेली तर ती डोकेदुखी कंपनीची. १९२४ पर्यंत ही योजना चालली आणि तिच्यावर साठ लाखांहून जास्त मैल गाड्या धावल्या. ट्रक ठरलेल्या रस्त्याने जाऊन संध्याकाळी परत येणारे, त्यामुळे गणित जमलं. शहराबाहेर पडलं की योजना संपली, हेही खरं.

मधली पन्नास-साठ वर्षं सोडून देऊ. १९९० साली कॅलिफोर्निया राज्याने धुराला वैतागून नियम केला की मोठ्या कंपन्यांनी ठरावीक प्रमाणात अजिबात धूर न सोडणाऱ्या गाड्या विकल्याच पाहिजेत. त्यातून जनरल मोटर्सची ईव्ही-१ आली, १९९६ साली. १,११७ गाड्या काढल्या, विकल्या एकही नाही, नुसत्या भाड्याने दिल्या. नियम ढिला पडला तशा कंपनीने त्या परत घेतल्या आणि २००३ नंतर बहुतेक सगळ्या चुरडून टाकल्या. वापरणारे लोक रडकुंडीला आले होते.

त्याच कॅलिफोर्नियाच्या वाऱ्यातून आपल्याकडची रेवा आली, हे मला माहीत नव्हतं. चेतन मैनी हा बंगळूरचा मुलगा मिशिगन विद्यापीठात शिकताना तिथल्या सौर गाडीच्या चमूत होता. ती गाडी १९९० साली ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत तिसरी आली. पुढे कॅलिफोर्नियातली अमेरिगॉन आणि घरचा मैनी उद्योगसमूह यांनी मिळून १९९४ साली बंगळूरला रेवा कंपनी काढली. गाडी २००१ साली रस्त्यावर आली. दोन मोठी माणसं, मागे दोन मुलं, शिशाच्या आठ बॅटऱ्या, एका चार्जमध्ये ऐंशी किलोमीटर, वेग पासष्टपर्यंत. घरातल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावायची. माझ्या वहीतले ३५१ दिवस तिने सहज निभावले असते, त्यातले बरेच एका चार्जमध्ये दोनदोन.

तरी ती आपल्याकडे फारशी खपली नाही. मारुती ८०० पेक्षा महाग होती. मारुतीत चार माणसं आणि टपावर वळकट्या टाकून कोल्हापूर गाठता येत होतं. दर काही वर्षांनी बॅटऱ्यांचा सगळा संच बदलायचा तो खर्च वेगळा. पण लंडनमध्ये हीच गाडी जी-विझ नावाने चालली. तिथे २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यावर कर बसला होता आणि विजेच्या गाडीला तो माफ होता. हजाराच्या आसपास रेवा तिथे गेल्या. लोकांनी तिची भरपूर टिंगल केली. कायद्याने तर ती तिथे मोटारगाडीतही धरली जात नव्हती, चौचाकी सायकलीच्या वर्गात मोडायची. पण तिथल्या माणसाला लांब जायला रेल्वे होती. म्हणजे पुन्हा क्लाराबाईंचीच गोष्ट.

२०१० साली महिंद्रांनी रेवा घेतली. २०१३ ला त्यातून ई-टू-ओ आली, २०१९ ला तीही थांबली. मैनींनी पुढे २०१७ मध्ये सन मोबिलिटी काढली. काम काय? संपलेली बॅटरी द्या, भरलेली घ्या. हार्टफर्ड! २०२४ मध्ये एमजीनेही आपल्याकडे बॅटरीशिवाय गाडी विकत घ्या आणि बॅटरीचे पैसे किलोमीटरप्रमाणे द्या अशी योजना आणली. तेव्हा मला ती नवीनच कल्पना वाटली होती...

असो. आता तुम्ही म्हणाल, काळ बदललाय. बदललाय हे नक्की. २०१० मध्ये बॅटरी एका युनिटच्या साठ्यामागे हजार डॉलरच्या वर पडत होती, २०२४ मध्ये ती ११५ वर आली. फोर्ड आणि एडिसन यांच्या हाती हे असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. २०२२ साली टाटांची टियागो ईव्ही साडेआठ लाखांपासून आली. तिची मोठ्या बॅटरीची आवृत्ती तेव्हा कागदावर ३१५ किलोमीटर जायची, वापरणारे दोनशेच्या आसपास सांगायचे. पेट्रोलची टियागो तेव्हा साडेपाच लाखांपासून मिळत होती. जास्तीचे पैसे चालवण्यातून वसूल होतात, पण जास्त चालवलं तर. माझ्यासारखी गाडी दिवसेंदिवस उभी ठेवून नाही.

इथे मला एक विचित्र पेच दिसतो. स्वस्त इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी छोटी, कारण बॅटरीच महाग. म्हणून ती थोडं अंतर जाते. थोडं अंतर जाणारी गाडी कोणाला चालते? ज्याच्या दारात दुसरी उभी आहे त्याला. आणि ज्याला एकच गाडी परवडते त्याला लागते मोठ्या बॅटरीची, महागाची. म्हणजे स्वस्त गाडी ज्यांच्यासाठी काढली, त्यांच्याऐवजी ती बंगलेवाल्यांना जास्त सोयीची. तेच पार्किंगचं. बंगल्यात सॉकेट लावायला कोणाला विचारावं लागत नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत मी चार्जिंग पॉइंटचा विषय काढला तेव्हा पाऊण तास फक्त वायर कोणाच्या मीटरवरून जाणार यावर चर्चा झाली. शेवटी पुढच्या सभेत घेऊ असं ठरलं आणि चहा आला.

त्या चौदा दिवसांबद्दल मात्र लिहायला हवं. त्यातल्या तेरा दिवसांचं काही नाही. साताऱ्याजवळ तासभर थांबून चार्ज करता येईल, चहा-वडापाव होईल. किंवा सरळ स्वारगेटहून एसटीने जाता येईल. पण एक रात्र अशी होती की अडीच वाजता शेजारच्या काकूंचा फोन आला आणि पावणेतीनला मी गाडीत होतो. दोनशेच्या वर किलोमीटर, पुढे कुंभार्ली घाट, धुकं. त्या रात्री टाकीत किती पेट्रोल आहे हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. पाहायची गरज नव्हती, हायवेला पंप होते. आई आता बरी आहे. पण गाडीचा विचार करताना ३५१ दिवसांचा आकडा एका पारड्यात आणि ती एक रात्र दुसऱ्यात, असं होऊन बसतं. आणि आयोवातला तो शेतकरी मला फार जवळचा वाटायला लागतो.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं, फोर्डच्या बायकोसकट. ती म्हणाली, "रात्रीचा घाटातून तू येऊच नकोस. इथे गावात डॉक्टर आहेत, रिक्षा आहेत. तू सकाळच्या एसटीने ये." मग जरा थांबून म्हणाली, "पण गाडी आवाज न करणारी असेल तर बरं. तुझी आली की अख्ख्या आळीला कळतं."

वही अजून चालू आहे. बुकिंग केलेलं नाही. सोसायटीची पुढची सभा पुढच्या महिन्यात आहे.