शोरूममधून थेट शर्यतीत? डाऊनहिल सायकल आणि अपग्रेडचा हिशेब

डोंगरउताराच्या शर्यतीसाठी बनवलेली डाऊनहिल सायकल घेतली. खोक्यातून काढली, हँडल बसवलं, हवा भरली. आता ती थेट शर्यतीला नेली तर चालेल का? की आणखी लाखभराचे सुटे भाग लावल्याशिवाय उपयोग नाही? काही लाख मोजून सायकल घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. प्रश्न फक्त पैशाचा नाही. चुकीच्या जागी काटकसर केली तर उतारावर हाडं मोडतात.

थोडक्यात उत्तर असं: सायकल शर्यतीला तयार असते, पण ती तुमच्यासाठी तयार केलेली नसते. फ्रेम, फोर्क, गिअर यांना हात लावायची गरज बहुतेकांना पडत नाही. टायर, मागची स्प्रिंग आणि ब्रेक पॅड मात्र तपासल्याशिवाय उतरू नये.

डाऊनहिल म्हणजे काय?

वरून खाली, एकेकट्यानं, घड्याळाविरुद्ध. दगड, मुळं, उड्या, चिखल असलेला उतार साधारण दोन ते पाच मिनिटांत संपवायचा. या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० साली अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डुरँगोला झाली. पुरुषांमध्ये ग्रेग हर्बोल्ड जिंकला. त्याच्या सायकलीचा पुढचा फोर्क जेमतेम पाच सेंटिमीटर दबायचा. आज दुकानातल्या डाऊनहिल सायकलीचा फोर्क त्याच्या चौपट, म्हणजे २०० मिलिमीटर दबतो.

हा खेळ आता आपल्यापासून फार लांब राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माऊंटन बाईक अजिंक्यपद स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली.

कंपनी काय देते?

ट्रेक सेशन, स्पेशलाइज्ड डेमो, सँटा क्रूझ व्ही१०, कमेन्सल सुप्रीम, कॅनियन सेंडर, वायटी ट्युज ही या प्रकारातली ओळखीची नावं. ढोबळमानानं या सायकलींवर हे मिळतं:

- पुढे दुहेरी क्राऊनचा फोर्क, उदाहरणार्थ फॉक्स ४० किंवा रॉकशॉक्स बॉक्सर
- मागे साधारण २०० मिलिमीटर प्रवास, बहुधा कॉइल स्प्रिंगचा शॉक
- चार पिस्टनचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, २०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या डिस्क
- पुढे एकच चक्र, चेन गाइड, आणि मागे अनेकदा सातच गिअर
- एकूण वजन साधारण १६ ते १८ किलो

फ्रेमच्या बाबतीत शंका घ्यायचं कारण नाही. अमेरिकेच्या एरन ग्विननं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं विश्वचषक मालिका वायटी ट्युजवर जिंकली. ही कंपनी ग्राहकांना थेट ऑनलाइन विकते. म्हणजे त्या घराण्याची सायकल कुणीही मागवू शकत होतं.

आधी टायर, मग बाकी सगळं

ग्विनच्याच दोन शर्यती इथे लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. दोन्ही ऑस्ट्रियातल्या लिओगांगच्या उतारावरच्या. २०१४ साली त्याचा मागचा टायर फुटला आणि रिमवरून निघाला. तो नुसत्या रिमवर खाली आला, पण शर्यत हातची गेली. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, स्टार्ट गेटमधून निघतानाच त्याची चेन तुटली. पेडल मारायची सोय राहिली नाही, तरी तो जिंकला.

चेन नसताना जिंकता येतं, टायर नसताना नाही. पैसे कुठे घालायचे, ते यातून कळतं.

कंपनीनं बसवलेल्या टायरमध्ये दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली, टायरचं अंग, म्हणजे केसिंग. मॅक्सिसच्या टायरवर एक्सो, एक्सो प्लस, डबलडाऊन, डीएच अशी नावं छापलेली असतात. एक्सो हलकं, ट्रेल सायकलीसाठीचं. डीएच दुहेरी थराचं, जाड आणि जड. दगडी उताराला डीएच हवं. काही स्वस्त मॉडेलवर खर्च वाचवायला हलकं केसिंग येतं. दोघांची नक्षी सारखीच असल्यामुळे ते चटकन लक्षात येत नाही. बाजूवरची अक्षरं वाचा.

दुसरी, रबर. मऊ रबर ओल्या दगडाला आणि मुळांना धरून राहतं, पण लवकर झिजतं. कडक रबर टिकतं, पण घसरतं. मॅक्सिसमध्ये मॅक्सग्रिप मऊ, मॅक्सटेरा त्याहून कडक. एकच मऊ टायर परवडत असेल तर तो पुढे लावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस जमिनीवर.

सायकल ट्यूबसकट आली असेल तर ट्यूब काढून सीलंट भरा. ट्यूबलेसमध्ये हवा कमी ठेवता येते आणि रिम व दगडाच्या मध्ये ट्यूब चेंगरून होणारं पंक्चर टळतं. सुरुवातीला पुढे २३-२५ आणि मागे २६-२८ पीएसआय ठेवून पाहा. तुमचं वजन आणि उतार बघून मग एक-एक पीएसआयनं बदला. रिम दगडावर वारंवार आपटत असेल तर टायरच्या आत फोमचं कडं, म्हणजे इन्सर्ट, टाकता येतं.

स्प्रिंग तुमच्या वजनाची आहे का?

पुढच्या फोर्कमध्ये आजकाल बहुधा हवा असते, ती शॉक पंपानं कमी-जास्त करता येते. मागची स्टीलची स्प्रिंग तशी बदलत नाही. कंपनी सायकलीच्या मापावरून सरासरी माणसाचं वजन धरते आणि एक स्प्रिंग बसवून पाठवते. पण मिडीयम मापाची सायकल ५८ किलोचा पोरगाही चालवतो आणि ८५ किलोचा गडीही.

तपासणी घरच्या घरी होते. हेल्मेट, गार्ड, बूट सगळं घालून पेडलवर उभे राहा, जसे उतारावर राहाल तसे. मित्राला शॉकच्या दोन बोल्टमधलं अंतर मोजायला सांगा. मग सायकल मोकळी असतानाचं अंतर मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. डाऊनहिलला मागे साधारण ३० टक्के सॅग धरतात. शॉकचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर असेल तर २२-२३ मिलिमीटर यायला हवेत. २७ आले तर ३६ टक्के झाले, म्हणजे स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ. १७ आले तर कडक.

मऊ स्प्रिंग आहे म्हणून तिची कॉलर पिळत बसू नका. कॉलर स्प्रिंग घट्ट बसवण्यासाठी असते. फार पिळली तरी स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त सुरुवातीची लवचीकता जाते. दोनेक फेऱ्यांपेक्षा जास्त पिळावं लागत असेल तर स्प्रिंगच बदला. स्प्रिंगवर ४०० किंवा ४५० असा आकडा छापलेला असतो. ती एक इंच दाबायला तेवढे पौंड बळ लागतं, असा त्याचा अर्थ. शॉकच्या किमतीपुढे सुटी स्प्रिंग फार स्वस्त पडते. दुसरा शॉक घेण्याआधी हा प्रयोग कराच.

ब्रेक: नवे म्हणून भरवसा नको

ब्रेक चांगले असतात, पण नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना सरावलेली नसतात. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून वीसेक वेळा आणि मग जरा जास्त वेगातून दहाएक वेळा ब्रेक दाबा. चाक लॉक होऊ न देता, जवळजवळ थांबेपर्यंत. हे न करता सरळ उतारावर गेलात तर ब्रेक ओरडतो आणि धरतही नाही.

लांब उतारासाठी मेटल, म्हणजे सिंटर्ड पॅड बरे. ते उष्णता जास्त सोसतात आणि चिखलातही उशिरा झिजतात. ऑरगॅनिक पॅड शांत असतात, पण फार तापले की पकड ढिली होते. लिव्हर स्पंजासारखा वाटत असेल तर आत हवा आहे, ब्लीड करून घ्या.

हात आणि पाय

बऱ्याच महागड्या सायकली पेडलशिवाय येतात. म्हणजे तो खर्च आधीच धरावा. हँडल बहुधा ८०० मिलिमीटर रुंद असतं. अंगकाठी लहान असेल तर ते कापून घ्या, पण एका वेळी दोन्हीकडून पाच-पाच मिलिमीटरच. कापलेलं परत जोडता येत नाही. ग्रिप हाताला बसत नसेल तर बदला. हा सगळ्यात स्वस्त आणि लगेच जाणवणारा बदल आहे.

कशावर पैसे घालू नयेत?

कार्बनची चाकं, कार्बनचा क्रँक, महागडा गिअर, रंगीत बोल्ट. उतारावर दोनशे ग्रॅम वाचवून नवख्याचा वेळ वाचत नाही. त्याच पैशात टायरचा दुसरा जोड येतो, आणि एखाद्या बाईक पार्कमध्ये चार दिवस सरावही होतो. विश्वचषकातल्या खेळाडूंच्या सायकली वेगळ्या असतात हे खरं. त्यांच्याबरोबर सस्पेन्शनचे तंत्रज्ञ असतात आणि प्रत्येक उतारासाठी सेटिंग बदलतं. पण त्यांना शतांश सेकंद कमवायचे असतात. आपल्याला आधी पडल्याशिवाय खाली यायचं असतं.

शर्यतीआधीची यादी

- सगळे नट-बोल्ट टॉर्क पान्यानं तपासा. आकडा बहुधा भागावरच छापलेला असतो.
- पहिल्या एक-दोन दिवसांनंतर स्पोकचा ताण पाहून घ्या. नव्या चाकाच्या तारा सैल पडतात.
- हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवंच. पडल्यावर उघडं टोक पोटात घुसू शकतं.
- फुल-फेस हेल्मेट हवंच. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमानुसार डाऊनहिलमध्ये ते सक्तीचं आहे.
- जादा डिरेलर हँगर, चेनची जोडकडी, ब्रेक पॅड आणि एक ट्यूब बरोबर ठेवा. बेळगाव असो, इंदूर असो की मडगाव, कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात तुमच्या मॉडेलचा हँगर मिळणं कठीण. पाच मिनिटांचं काम शर्यत घालवू शकतं.
- फोर्कची देखभाल तासांवर चालते. रॉकशॉक्स ५० तासांनंतर खालच्या नळ्या उघडून तेल बदलायला सांगते.

सायकल हातात आली की खर्चाचा क्रम असा ठेवा: टायर आणि सीलंट, मग गरज असेल तर स्प्रिंग, मग पॅड, मग ग्रिप. तेवढं करून एक पूर्ण मोसम ती सायकल चालवा. त्यानंतर काय कमी पडतंय ते तुमचं तुम्हालाच कळेल, आणि बऱ्याचदा ते सायकलीत नसतं.