होतकरू खेळाडूची पारख : प्रगती आकड्यांत, वृत्ती शब्दांत

अमेरिकन बेसबॉलमध्ये अठरा-वीस वर्षांचा खेळाडू एखाद्या व्यावसायिक संघाशी करारबद्ध झाला, तरी तो लगेच मोठ्या मैदानावर उतरत नाही. त्याच्यापुढे मायनर लीगची, म्हणजे कनिष्ठ व्यावसायिक स्पर्धांची, काही वर्षे उभी असतात. या काळात संघाचे प्रशिक्षक आणि निरीक्षक त्याच्याविषयी दोन प्रकारच्या नोंदी ठेवतात. प्रगती आकड्यांत लिहिली जाते, वृत्ती शब्दांत. आकडे पुन्हा तपासता येतात. ‘मेहनती’, ‘आळशी’, ‘शिकाऊ’ किंवा ‘हट्टी’ असा एका शब्दाचा शेरा मात्र सहसा कोणी तपासत नाही आणि त्यावर एखाद्याची कारकीर्द ठरू शकते.

उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंची अशी पारख २००८ नंतर अमेरिकेत झाली. होतकरू खेळाडूचे मूल्यमापन कसे होते आणि ते कोठे चुकू शकते, हे समजून घेण्यासाठी भारतीय वाचकाला त्यांच्याइतके जवळचे दुसरे उदाहरण नाही.

मायनर लीगची शिडी

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघाच्या हाताखाली कनिष्ठ संघांची एक शिडी असते. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर अशा संलग्न संघांची संख्या १२० झाली. प्रत्येक मेजर लीग संघाला सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या आहेत. त्यांच्याखाली नवशिक्यांच्या स्पर्धा होतात. भारतीय क्रिकेटमधील वयोगटाचे सामने, रणजी करंडक आणि भारत ‘अ’ संघ यांच्याशी ही रचना ढोबळमानाने ताडून पाहता येईल. फरक असा की येथे सगळ्या पायऱ्यांवरील खेळाडू एकाच मेजर लीग संघाशी करारबद्ध असतात. खेळाडूला वर चढवायचे, तेथेच ठेवायचे की मुक्त करायचे, हा निर्णय तोच संघ घेतो.

निरीक्षक कौशल्याला २० ते ८० या पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधील सरासरी खेळाडूची पातळी आणि ८० म्हणजे अत्युच्च दर्जा. फलंदाजाच्या बाबतीत फटक्यातील अचूकता, फटक्याची ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण या पाच अंगांचा विचार होतो. पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, बाबतीत वेग, निरनिराळ्या प्रकारचे चेंडू आणि दिशेवरील ताबा पाहिला जातो. प्रत्येक अंगाला सहसा दोन आकडे मिळतात : एक आजचा, दुसरा पुढे अपेक्षित असलेला. या दोन आकड्यांतील अंतर खेळाडू कापेल की नाही, याचा अंदाज बांधताना निरीक्षक त्याच्या वृत्तीकडे वळतात.

दोन भालाफेकपटू, दोन हंगाम

अमेरिकन क्रीडा-व्यवस्थापक जे. बी. बर्नस्टीन यांनी २००८ मध्ये भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ ही स्पर्धा घेतली. ३७ हजारांहून अधिक तरुणांनी तीत चेंडू फेकून पाहिला. रिंकू सिंह यांनी ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकून पहिला क्रमांक आणि एक लाख डॉलर पटकावले. दिनेश पटेल दुसरे आले. स्पर्धेपूर्वी दोघांचाही बेसबॉलशी संबंध आला नव्हता. मे २००८ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. तेथे माजी पिचर टॉम हाऊस यांनी त्यांना खेळाची बाराखडी शिकवली. नोव्हेंबरमध्ये ॲरिझोनात मेजर लीगच्या निरीक्षकांसमोर त्यांची चाचणी झाली आणि त्याच महिन्यात पिट्सबर्ग पायरेट्स संघाने दोघांनाही करारबद्ध केले.

४ जुलै २००९ रोजी दोघे गल्फ कोस्ट लीग या नवशिक्यांच्या स्पर्धेत प्रथम उतरले. १३ जुलैला रिंकू यांच्या नावावर विजय जमा झाला. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल सामन्यात विजयी पिचर ठरलेले ते पहिले भारतीय नागरिक होत. मात्र हंगाम संपला तेव्हा आकडे दिनेश यांच्या बाजूने होते. पिचरची कामगिरी दर नऊ डावांमागे त्याच्या खात्यावर पडणाऱ्या धावांवरून मोजतात आणि हा आकडा जितका कमी तितका चांगला. दिनेश यांची सरासरी १.४२ होती, रिंकू यांची ५.८४. तेवढ्यावरच निकाल द्यायचा असता, तर पुढचा मार्ग दिनेश यांचा ठरला असता.

दुसऱ्या वर्षी चित्र उलटले. २०१० मध्ये रिंकू यांची सरासरी २.६१ वर आली आणि दिनेश यांची आठच्या पुढे गेली. त्या वर्षाच्या अखेरीस पायरेट्सने दिनेश यांना मुक्त केले. रिंकू पायऱ्या चढत राहिले. २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघाकडून ३९ सामन्यांत ७२ डाव टाकून त्यांनी ६५ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि त्यांची सरासरी ३.०० राहिली. चार वर्षांपूर्वी हा खेळ ठाऊकही नसलेल्या तरुणाची ही प्रगती होती. पुढे दुखापतींनी त्यांचे हंगामच्या हंगाम बुडाले आणि मेजर लीगचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. २०१८ मध्ये ते व्यावसायिक कुस्तीकडे वळले.

दिनेश यांनी पहिल्या हंगामात केवळ सहा सामने खेळले होते आणि रिंकू यांनी अकरा. एवढ्या थोड्या खेळावरून काढलेली सरासरी दोन-तीन चांगल्या किंवा वाईट दिवसांनी पार बदलून जाते. म्हणून या पायरीवर केवळ निकाल पाहून भागत नाही. चेंडूचा वेग टिकतो का, दिशा सुधारते का, नवा चेंडू हाती बसतो का, हे महिन्यामागून महिने नोंदवावे लागते.

वृत्ती म्हणजे काय आणि काय नव्हे

वृत्तीविषयीचे शेरे बहुधा बाह्य लक्षणांवरून पडतात. बोलका खेळाडू आत्मविश्वासी वाटतो, अबोल खेळाडू अलिप्त वाटतो. रिंकू आणि दिनेश यांना अमेरिकेत पोहोचल्यावर इंग्रजी जेमतेम समजत होते. सुरुवातीला सूचना दुभाष्यामार्फत मिळत. अशा तरुणाचे मौन ही अनास्था मानणे ही मूल्यमापन करणाऱ्याची चूक ठरते. डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि व्हेनेझुएला येथून दरवर्षी येणाऱ्या शेकडो स्पॅनिशभाषक मुलांच्या बाबतीतही हाच धोका असतो. म्हणूनच संघांनी आपल्या अकादम्यांत इंग्रजीचे वर्ग सुरू केले.

वृत्ती स्वभावावरून नव्हे, तर वर्तनावरून आणि तेही सातत्याने पाहून ठरवली, तर शेऱ्याला आधार मिळतो. दाखवलेली चूक किती दिवसांत दुरुस्त होते, वाईट सामन्यानंतर दुसऱ्या दिवशीचा सराव कसा असतो, दुखापतीच्या काळात सांगितलेला व्यायाम कोणी पाहत नसतानाही होतो का, हे प्रश्न तारीख-वार नोंदवता येतात. ‘गर्विष्ठ वाटतो’ हे मात्र नोंदवता येत नाही. ते फक्त वाटते.

चांगली वृत्ती हा कौशल्याला पर्यायही नव्हे. बास्केटबॉलमधील सर्वश्रेष्ठांपैकी एक असलेले मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये बर्मिंगहॅम बॅरन्स या डबल-ए संघाकडून खेळले. त्यांची मेहनत वादातीत होती. तरीही १२७ सामन्यांत त्यांची फलंदाजीची सरासरी .२०२ राहिली आणि ते ११४ वेळा स्ट्राइकआउट झाले.

फसलेले अंदाज

निवडीच्या इतिहासात दोन्ही बाजूंच्या चुका आढळतात. ब्रायन टेलर या डावखुऱ्या पिचरला १९९१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने देशात पहिल्या क्रमांकावर निवडून १५.५ लाख डॉलर दिले. डिसेंबर १९९३ मध्ये मैदानाबाहेरील एका हाणामारीत त्यांचा खांदा जायबंदी झाला आणि ते मेजर लीगमध्ये कधीच पोहोचले नाहीत. याउलट माइक पियाझा यांना १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत, तेही वडिलांच्या ओळखीखातर, घेतले गेले. २०१६ मध्ये त्यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. आज निवडीच्या फेऱ्या २० वर आल्या आहेत. त्या नियमानुसार पियाझा यांचे नाव पुकारलेच गेले नसते.

भारतीय क्रिकेटलाही हा अनुभव नवा नाही. मुंबईचे अमोल मुझुमदार यांनी १९९४ मध्ये रणजी पदार्पणातच हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत त्यांनी ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या, तरी कसोटी संघाची टोपी त्यांना मिळाली नाही. तरीही त्यांनी खेळ सोडला नाही आणि पुढे ते प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. तामिळनाडूत सेलम जिल्ह्यातील चिन्नप्पमपट्टी या खेड्यातील टी. नटराजन यांच्या गोलंदाजीच्या शैलीवर २०१५ मध्ये रणजी पदार्पणानंतर लगेच आक्षेप घेतला गेला. त्यांनी ती शैली नव्याने बसवली आणि २०२०-२१ च्या एकाच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तिन्ही प्रकारांत भारतासाठी पदार्पण केले. २०१५ मध्येच ‘सदोष’ असा अखेरचा शेरा पडला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

पारखण्याआधी पोसणे

वृत्तीच्या निकालात परिस्थितीचा वाटा किती, हा प्रश्न अमेरिकेत अलीकडे वेतनाच्या वादातून पुढे आला. २०२२ पर्यंत नवशिक्यांच्या स्पर्धेतील खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ४,८०० डॉलर आणि ट्रिपल-ए मध्ये १७,५०० डॉलर होते. हंगाम संपला की अनेकांना पोटासाठी दुसरे काम धरावे लागे. मार्च २०२३ मध्ये झालेल्या मायनर लीग खेळाडूंच्या पहिल्या सामूहिक करारानंतर हे आकडे अनुक्रमे १९,८०० आणि ३५,८०० डॉलर झाले. निवासाची सोय संघांनी करावी, हा नियम त्याआधीच्या वर्षी आला होता. अर्धपोटी, दिवसभर हमाली करून आलेला मुलगा सरावात मंदावला, तर तो आळशी की थकलेला, हे वरून पाहून कळत नाही.

भारतातील तालुक्याच्या गावांना हा मुद्दा अधिक लागू पडतो. तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु हे असे एक गाव. अशा गावातील मुलाची पारख बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दिवसाच्या निवड चाचणीत होते. पहाटेची बस पकडून तो तेथे पोहोचतो आणि मोजक्या चेंडूंत त्याचा निकाल लागतो. याच ओरत्तनाडुत तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी मुक्तांबाळ छत्र उभारले. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी असलेल्या या अन्नछत्राला शाळाही जोडलेली होती. आपल्या राज्यातील छत्रांविषयी सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनी सरकारच्या प्रतिनिधीला लिहिलेल्या पत्रात तेथील व्यवस्था सांगितली आहे. पोरक्या मुलांना पंतोजींच्या हाती सोपवले जाई. त्यांना अन्न, वस्त्र, औषध आणि ठरल्या दिवशी अंगाला तेल मिळे. ज्या विद्येकडे त्यांचा ओढा असेल ती विद्या, तीत पुरेसे प्राविण्य येईपर्यंत, शिकवली जाई. खेळाशी या व्यवस्थेचा संबंध नव्हता. पण तिचा क्रम बोलका आहे : आधी पोषण, मग आवडीचे शिक्षण आणि पुरेसा काळ.

आज मायनर लीगमधील संघ आहार, निवास, भाषा आणि उपचार यांवर खर्च करतात, त्यामागे हाच व्यवहार आहे. या गोष्टी सर्वांना सारख्या मिळाल्या, की खेळाडूखेळाडूंतील उरलेला फरक त्यांच्या कौशल्याचा आणि वृत्तीचा आहे, असे म्हणण्यास आधार मिळतो. त्या मिळालेल्या नसताना दिलेला शेरा खेळाडूपेक्षा त्याच्या परिस्थितीविषयीच अधिक सांगतो.

रिंकू आणि दिनेश यांच्यावर २०१४ मध्ये डिस्नेने चित्रपट काढला. करारापर्यंत पोहोचणे हे त्याचे कथानक होते. मात्र खरी पारख करारानंतर सुरू झाली. ती एकासाठी दोन हंगाम चालली, तर दुसऱ्यासाठी त्याहून कितीतरी अधिक काळ. दोघांपैकी कोणीही मेजर लीगमध्ये खेळला नाही. पण पहिल्या उन्हाळ्यातील ५.८४ हा आकडा पाहून पायरेट्सने रिंकू यांना घरी पाठवले असते, तर त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत चांगला हंगाम झालाच नसता.