टाक्याकाठचा मुक्काम

डोंगरात तंबू ठोकून, चुलीवर भात शिजवून, लवकर निजून पहाटे वाटेला लागायचे ही शहरातल्या गिरिप्रेमींनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत आणलेली हौस आहे, असा सर्वसाधारण समज आहे. कळवण तालुक्याच्या डोंगरांकडे पाहिले की तो टिकत नाही. दक्षिणेला सातमाळ्याची रांग, उत्तरेला बागलाणच्या हद्दीवर चौल्हेर, पिंपळा, प्रेमगिरीचे डोंगर आणि मधून गिरणा, पुनद, बेहडी या नद्या अशी ही भूमी. इथे डोंगरावर रात्र काढण्याची रीत किमान काही शतकांची आहे. गडावरचा शिबंदीचा शिपाई, खानदेशातून चालत येणारा सप्तशृंगीचा भाविक, डोंगऱ्या देवाचे व्रत धरणारा कोकणा किंवा भिल्ल माणूस आणि आजचा पाठपिशवीवाला, हे सगळे मुक्कामाला जवळपास त्याच जागा निवडत आले आहेत. माझे म्हणणे असे की या जागा टिकल्या त्या तिथे कोणी तरी पाणी राखले म्हणून. मुक्कामाची साधी, शांत जागा निसर्गाने आयती दिलेली नसते. ती माणसांनी घडवलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली असते, आणि सांभाळणारा हात सुटला की ती जाते.

आधी खडकाची गोष्ट. सातमाळ्याचे डोंगर लाव्हाच्या थरांचे. एकावर एक आडवे थर, काही घट्ट काळ्या बेसाल्टचे, काही सच्छिद्र आणि ठिसूळ, मध्येच लालसर मातीसारखा पातळ पट्टा. पावसाचे पाणी वरच्या थराच्या भेगांतून झिरपत खाली येते, घट्ट थराशी किंवा लाल पट्ट्याशी अडते आणि आडवे सरकत कड्याच्या पायथ्याशी पाझरते. नेमका तिथलाच ठिसूळ खडक वाऱ्यापावसाने आतून झिजतो आणि कपार तयार होते. म्हणजे डोक्यावर छप्पर आणि हाताशी पाणी या दोन गोष्टी या डोंगरांत बहुधा एकाच उंचीवर सापडतात, माथ्याच्या शेवटच्या कड्याखाली. धोडप किल्ल्याच्या सुळक्याखालची गुहा असो की मार्कंड्या डोंगराच्या अंगावरच्या ऋषिमुनींच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जागा, चढणारा माणूस दमून थांबतो तिथेच थांबण्याची सोय आहे. पण ही सोय अर्धीच. पाझर जानेवारीपर्यंत चालतो, पुढे आटत जातो. वैशाखात रात्र काढायची तर खडक फोडून पाणी साठवावे लागते, आणि इथून माणसाचा इतिहास सुरू होतो.

या डोंगरांवरची कोरीव टाकी नीट पाहावीत. चांगल्या टाक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे असते. खडकाचेच खांब राखून आतवर कोरत नेलेले असते, त्यामुळे पाण्यावर दगडाचे छत राहते, ऊन पोचत नाही, बाष्पीभवन कमी होते आणि एप्रिलमध्येही ओंजळ गार लागते. वरच्या उतारावर हातभर रुंदीचे पन्हळ खोदून पावसाचे पाणी टाक्याकडे वळवलेले असते. बऱ्याच ठिकाणी टाकी जोडीने किंवा ओळीने असतात, म्हणजे प्यायचे पाणी वेगळे आणि वापरायचे वेगळे ठेवता येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या आज्ञापत्रात गडाच्या पाण्यावर स्वतंत्र विचार आहे. आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा, पाणी नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत, झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात, आणि गडाचे पाणी फार जपून राखावे, असा त्याचा आशय. लढाईसाठी लिहिलेला हा नियम शांततेच्या काळातल्या प्रत्येक मुक्कामाला तितकाच लागू पडतो. ज्या कारकिर्दीत माणसे पुढच्या उन्हाळ्याचा विचार करून दगड फोडत होती, तिचे उरलेले पाणी आज आपण पितो.

गडांवर वस्ती होती तोवर ही निगा आपोआप होत होती. ऑक्टोबर 1670 मध्ये सुरतेहून परतताना शिवाजी महाराजांच्या सैन्याची मोगलांशी लढाई झाली ती याच रांगेतल्या कांचनबारीच्या परिसरात. 1768 मध्ये माधवराव पेशव्यांनी रघुनाथरावांचा पराभव केला तो धोडपपाशी. बाऱ्यांतून, म्हणजे खिंडींतून, फौजा, व्यापारी, बैलांचे तांडे जात-येत होते आणि गडावरच्या शिबंदीचे लक्ष त्यांच्यावर असे. 1818 मध्ये मुलूख इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्जने तेव्हा या भागातल्या किल्ल्यांची टिपणे केली. 1883 च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ती उतरली आहेत. अहिवंत किल्ल्याबद्दलचे त्याचे मत वाईट होते, त्याला तो डोंगर बेढब, ओसाड आणि रोगट वाटला. पुढे अनेक गडांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंगांनी तोडल्या गेल्या, पुन्हा कोणी तिथे बळकट होऊन बसू नये म्हणून. तुटलेल्या वाटेपेक्षा मोठे नुकसान मात्र दुसरेच झाले, असे मला वाटते. शिबंदी उठली आणि टाक्यांतला गाळ काढणारे हात गेले. पन्हळ बुजले, कुठे टाक्याच्या तोंडाशी उंबर रुजला आणि त्याच्या मुळांनी कड फोडली. इतिहासाच्या पुस्तकांत किल्ला पडला असे वाचतो तेव्हा बुरूज ढासळलेला डोळ्यांपुढे येतो. टाके गाळाने भरते ती पडझड कोणी नोंदवत नाही.

एक डोंगर या पडझडीतून वाचला, कारण तिथे देवी होती. सप्तशृंग गडावर निगेचे काम श्रद्धेने हाती घेतले. 1710 मध्ये उमाबाई दाभाडे यांनी पायऱ्या बांधल्याचे सांगितले जाते. पठारावर धर्मशाळा झाल्या आणि कुंडांना तीर्थांचे स्थान मिळाले. तीर्थ म्हटले की त्याचा उपसा, स्वच्छता, मर्यादा हे सगळे आलेच. चैत्रातल्या यात्रेला जळगाव, धुळे, नंदुरबारकडून माणसे चालत येतात. खानदेश हे देवीचे माहेर, अशी त्यांची भावना आहे. उन्हाच्या दिवसांत इतका पल्ला पायी चालायचा तर वाटेत रात्री काढाव्याच लागतात. देवळाच्या ओवरीत, झाडाखाली, शेताच्या बांधावर आणि विहिरीजवळ ते मुक्काम करतात. गावे पाणी देतात, भाकरी देतात. चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री शिखरावर ध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी पाटलांचा आहे. अवघड कड्यावरचे हे काम एका घराण्याकडे सोपवलेले आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. डोंगराशी संबंध ठेवायचा तर जबाबदारीला नाव लागते.

परंतु साध्या आणि शांत मुक्कामाचा सर्वांत जवळचा पूर्वज शोधायचा असेल तर गड आणि यात्रा दोन्ही सोडून डोंगऱ्या देवाकडे वळावे. कळवण, सुरगाणा, बागलाणातल्या कोकणा आणि भिल्ल गावांत मार्गशीर्षात हा उत्सव होतो. व्रत धरणाऱ्यांना माऊली म्हणतात. व्रताचे दिवस ते घराबाहेर, गावाच्या मोकळ्या जागेत केलेल्या खळीवर राहतात आणि आहाराचे, शुचितेचे कडक नियम पाळतात. रात्री थाळकरी काशाच्या थाळीवर मेणाने उभी केलेली काडी बोटांनी ओढत सूर काढतो आणि देवाची कथा सांगतो. पावरी या वाद्याच्या आवाजावर फेर धरला जातो. पौर्णिमेला सगळे जण डोंगराकडे निघतात, गुहेपाशी किंवा तिच्या पायथ्याशी रात्र जागवतात, दिवा लावतात आणि उजाडल्यावर गावाकडे परततात. मार्गशीर्षातली कळवणची थंडी अंगात शिरणारी असते, आणि तरी बरोबर सामान जवळजवळ काही नसते. डोंगरावर बांधकाम होत नाही. माणसे येतात, रात्रभर राहतात, जातात. पुढच्या खेपेला डोंगर तसाच हवा असतो, कारण देव म्हणजे तो डोंगरच. डोंगराला धक्का न लावता तिथे राहण्याच्या ज्या तत्त्वाचा आज जगभरच्या पदभ्रमण संस्था पुरस्कार करतात, ते इथे व्रताच्या रूपाने कधीचे पाळले जाते.

इंग्रजी अंमलातला सरकारी मुक्काम याच्या अगदी उलट होता. थंडीत अधिकारी दौऱ्यावर निघत, आमराईत तंबू पडत आणि सरपण, गवत, पाणी, कोंबड्या गावाने पुरवायच्या, ओझी बिगारीने वाहायची. तंबू तोच, रान तेच, पण गावावर त्याचा भार पडे. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण आजच्या पर्यटनात दोन्ही वळणे जिवंत आहेत.

शहरी गिर्यारोहक या इतिहासात उशिरा आले. मुंबईत गिरिविहार ही संस्था 1954 मध्ये सुरू झाली. पुढे पुणे आणि नाशिकमध्येही संस्था निघाल्या, गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने दुर्गभ्रमणाला मराठी घरांत प्रतिष्ठा दिली आणि आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारख्या पुस्तकांनी वाटा, पाणी, मुक्कामाच्या जागा कागदावर आणल्या. या मंडळींनी काही नवे शोधले नाही, याचा त्यांना अभिमानच वाटावा. धोडपची गुहा, गावातले मारुतीचे देऊळ, शाळेचा ओटा, टाक्याशेजारची सपाटी या आधीच्या लोकांच्याच जागा. त्यांनी त्या वापरल्या, काहींनी श्रमदानाने टाक्यांतला गाळ काढला, आणि दोनशे वर्षांपूर्वी तुटलेला धागा काही ठिकाणी पुन्हा जोडला गेला.

यावर पहिला आक्षेप असा येईल की शिबंदी पोटासाठी राहत होती, भाविक नवसासाठी, माऊली व्रतासाठी, आणि ट्रेकर मौजेसाठी. एवढे वेगळे हेतू एका परंपरेत कसे बसवायचे? हेतू वेगळे आहेत हे मान्यच. पण यात्रेतही मौज असतेच, आणि महिनाभर राबून दोन दिवस डोंगरावर जाणाऱ्याच्या मनात भक्तीसारखे काही नसतेच असे कोण म्हणेल? शिवाय परंपरा नुसत्या हेतूने ठरत नाही, ती वर्तनाने ठरते. प्यायच्या टाक्यात पाय घालायचा नाही, सरपण पडलेलेच वेचायचे, जागा सोडताना चूल विझवायची, हे नियम चौघांनाही सारखेच लागू आहेत. जो मोडतो तो परंपरेबाहेर जातो, मग तो भाविक असो की ट्रेकर.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. या डोंगरांत शांतता कधी होती? गडावर नगारे, यात्रेत ढोल आणि जयघोष, डोंगऱ्या देवाला रात्रभर पावरी. शांतता हे शहराला लागलेले डोहाळे आहेत आणि ते डोंगरावर लादू नयेत, असे कोणी म्हणाले तर त्यात तथ्य आहे. मात्र त्या सगळ्या आवाजांना तिथी होती. चैत्रातली यात्रा, मार्गशीर्षातली पौर्णिमा. वर्षाचे बाकीचे दिवस डोंगर गुराखी आणि गिधाडांचा होता. प्रत्येक शनिवारी रात्री मोठ्या पेटीतून गाणी वाजवणाऱ्या मुक्कामाला अशी तिथी नाही. पावरी वाजते ती डोंगराला उद्देशून. त्या पेटीला डोंगर कोणता याच्याशी कर्तव्य नसते.

तिसरा आक्षेप गावाच्या बाजूने येतो आणि त्याला उत्तर देणे सर्वांत अवघड. साधेपणा तुम्हाला हवा आहे, आम्हाला रस्ता, नळ आणि धंदा हवा आहे. सप्तशृंग गडाचे उदाहरण समोर आहे. नांदुरीहून घाटरस्ता झाला, 2018 मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत असे म्हातारे-कोतारे दर्शन घेऊ लागले, आणि दुकानांवर कितीतरी घरे चालतात. हे सगळे योग्यच झाले. जिथे लाखो माणसे येतात, तिथे साधेपणाचा आग्रह धरणे म्हणजे माणसांचे हाल करणे. पण समोरच्या मार्कंड्याला, मोहनदरीला किंवा रवळ्या-जवळ्याला तोच साचा लावला तर गावाच्या पदरात काय पडेल? बाहेरच्या गुंतवणुकीने सिमेंटचे तंबू-निवास उभे राहिले की गावकरी तिथे पगारी वेटर होतो. उलट वीस-पंचवीस माणसांपुरती जागा, गावातल्या घरचे नागलीच्या भाकरीचे आणि कुळथाचे जेवण, वाट दाखवणारा गावातलाच पोरगा आणि ग्रामसभेने ठरवलेले शुल्क, अशी व्यवस्था लहान असली तरी पैसा गावातच फिरतो. संख्या ठरवणारे मापही तिथेच आहे. एप्रिलच्या शेवटी टाक्यात जेवढे पाणी उरते, त्यातून गुरांचे आणि वानरांचे वजा करावे. राहील तेवढीच माणसे त्या डोंगराची.

जुलै 2025 मध्ये शेजारच्या बागलाणातला साल्हेर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्याकडे येणारी गर्दी दोन-चार वर्षांत कळवणच्या डोंगरांकडेही वळेल. तेव्हा कमानी, माहितीफलक आणि निवाऱ्यांसाठी निधी येईल, आणि त्यातला पहिला रुपया गाळ काढण्यावर खर्च व्हावा असे मला वाटते. हे काम वैशाखात, पाणी तळाला गेले असताना करायचे असते. आधी पन्हळ मोकळे करायचे, मग तळाचा गाळ पाट्यांनी वर काढून उतारावर पसरायचा, कडेला रुजलेले झाड मुळासकट काढायचे. खडकाला सिमेंट लावायचे नाही. मृगाचा पहिला पाऊस पडून टाके धुऊन निघाले की ते पाणी वाहून जाऊ द्यायचे, आणि त्यानंतरचे साठवायचे. पायथ्याच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना हे सांगावे लागत नाही. त्यांना मजुरी देऊन बोलवावे मात्र लागेल.