गिरणीचा भोंगा आणि आईचे दूध

'हिला दूधच पुरत नाही,' असे बाळंतिणीविषयी आपण सहज बोलून जातो. दोष जणू तिच्या शरीराचा. शरीरशास्त्र मात्र वेगळे सांगते. बाळ चोखू लागले की आईच्या पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, ऑक्सिटोसिनमुळे ते वाहू लागते. स्तन जितक्या वेळा रिकामे होतात, तितके नवे दूध तयार होते. बाळ फार वेळ दूर राहिले, की दूध आटू लागते.

म्हणजे प्रश्न आईजवळच्या वेळाचाही आहे. हा वेळ कोण ठरवते? सोलापूरसारख्या गिरणगावात तो भोंगा ठरवी. येथील पहिली कापडगिरणी १८७७ सालची. १८९१ च्या कायद्याने बायकांच्या कामाला मर्यादा घातली, तीही दिवसाला ११ तासांची! आई गिरणीत असताना बाळाने काय करायचे? मुंबईच्या गिरणी वस्त्यांत बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत, अशी नोंद १९२० च्या दशकात झाली आहे.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे सांगून डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आला. १९६१ च्या कायद्याने १२ आठवडे पगारी रजा आणि बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या दिल्या.

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस २००१ ची. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. आपली रजा २६ आठवड्यांची झाली ती २०१७ मध्ये.

सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात. बाळ शेजारीच असते. पण मजुरी हजार विड्यांवर. हात थांबला की मजुरी थांबते. या आईला रजा कोण देणार?

'आईचे दूध सर्वोत्तम' हे वाक्य पाठ्यपुस्तकात असतेच. ते शिकवताना एक प्रश्न वर्गात जरूर विचारावा: तुम्ही तान्हे असताना आई कामावर कधी परतली? उत्तरे फळ्यावर लिहावीत. मग संप्रेरकांचा धडा मुलांना निराळाच दिसेल, असे आम्हांला वाटते.