प्रतिकृति-लोहमार्गावरील उत्तुंग इमारती

प्रतिकृति-लोहमार्गावरील उत्तुंग इमारती : आगगाड्या, रूळ, स्थानके व त्यांभोवतीचा परिसर ठराविक प्रमाणात लहान करून मांडलेल्या देखाव्यास प्रतिकृति-लोहमार्ग म्हणतात. अशा देखाव्यातील शहराचा भाग दाखविण्यासाठी बहुमजली इमारतींच्या प्रतिकृती कराव्या लागतात. तयार सुट्या भागांचा संच न वापरता पुठ्ठा, प्लास्टिकचे तक्ते, लाकूड यांसारख्या कच्च्या मालापासून केलेल्या बांधणीस स्वहस्त-बांधणी म्हणता येईल. जपानी पद्धतीच्या देखाव्यांत या बांधणीला विशेष महत्त्व आले, कारण तेथील लोहमार्ग दाट वस्तीच्या व उंच इमारतींच्या शहरांतून जातात.

इतिहास : खेळण्यातील आगगाड्यांना प्रमाणबद्ध रूप देण्याचे श्रेय मुख्यतः जर्मनीकडे जाते. मर्कलिन या कारखान्याने १८९१ मध्ये लाइपझिग येथील जत्रेत ठराविक मापांच्या रुळांची मालिका मांडली. त्याच शहरात १९३५ मध्ये १६·५ मिमी. गेजच्या (दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतराच्या) लहान गाड्या पुढे आल्या. त्यांचे १:८७ हे प्रमाण पुढे जगभर रूढ झाले. १९६० नंतरच्या काही वर्षांत न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कारखान्याने ९ मिमी. गेज लोकप्रिय केले. जपानमध्ये काटो कंपनीने १९६५ मध्ये सी-५० या वाफेच्या एंजिनाची ९ मिमी. गेजवरील प्रतिकृती बाजारात आणली, तर टोमी कंपनीने १९७६ मध्ये टोमिक्स या नावाने गाड्या व जोडरूळ देण्यास प्रारंभ केला. जपानी घरांतील खोल्या लहान असल्याने हे गेज तेथे विशेष सोयीचे ठरले.

याच सुमारास जपानी शहरांचे रूपही पालटत होते. तेथे इमारतीच्या उंचीवर ३१ मी.ची मर्यादा दीर्घकाळ होती. कायद्यात १९६३ मध्ये दुरुस्ती होऊन उंच बांधणीचा मार्ग मोकळा झाला. टोकिओतील १४७ मी. उंचीची, ३६ मजल्यांची कासुमिगासेकी इमारत १९६८ मध्ये पूर्ण झाली. ती जपानमधील पहिली गगनचुंबी इमारत मानली जाते. शिन्कान्सेन ही वेगवान रेल्वे त्यापूर्वीच, १९६४ मध्ये, सुरू झाली होती. अशा रीतीने ९ मिमी. गेजची गाडी, वेगवान रेल्वे व उंच इमारत या तिन्ही गोष्टी जपानमध्ये सुमारे चार वर्षांच्या अवधीत अवतरल्या. उंच इमारतींमधून धावणारी गाडी हे जपानी देखाव्याचे ठळक लक्षण का बनले, ते यावरून कळते.

प्रमाण व गेज : या विषयात प्रमाण व गेज यांचा मेळ नेहमीच जुळतो असे नाही. जपानचे जुने लोहमार्ग १,०६७ मिमी. रुंदीचे आहेत. त्यांच्या गाड्या सामान्यतः १:१५० प्रमाणात करतात. या हिशेबाने रूळ सुमारे ७ मिमी. अंतरावर हवेत, पण प्रत्यक्षात ९ मिमी. गेजच वापरले जाते. शिन्कान्सेनचा मार्ग १,४३५ मिमी. रुंद असल्याने तिच्या गाड्या १:१६० प्रमाणात करतात आणि तेथे हिशेब जवळजवळ बिनचूक बसतो. भारतातही असाच प्रश्न येतो. आपल्या रुंदमापी मार्गाची रुंदी १,६७६ मिमी. आहे; १:८७ प्रमाणात ती १९ मिमी.हून थोडी अधिक भरते. तरीही बाजारात मिळणाऱ्या १६·५ मिमी. रुळांवरच भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती चालविल्या जातात.

उंचीचा प्रश्न : रुळांतील काही मिलिमीटरांची तफावत डोळ्यांना सहसा खटकत नाही, इमारतीच्या उंचीची गोष्ट वेगळी आहे. कासुमिगासेकी इमारत १:१५० प्रमाणात ९८ सेंमी., तर १:८७ प्रमाणात सुमारे १·७ मी. भरते. २४० मी.च्या मनोऱ्याची प्रतिकृती १:१५० प्रमाणातही १·६ मी. होते. याउलट २० मी. लांबीचा डबा १:१५० प्रमाणात जेमतेम १३ सेंमी.चा असतो. मोजमापाने अचूक असा मनोरा उभा केला, तर गाडी क्षुद्र दिसते आणि पाहणाऱ्याचे लक्ष मार्गावरून उडते.

म्हणून उंची निवडक रीतीने कमी करतात. मजल्याची उंची, दारे व खिडक्या यांची मापे मात्र कायम ठेवतात. केवळ मधले काही मजले गाळतात. तळमजला व माथा जसेच्या तसे राहिल्याने ३६ मजल्यांची इमारत २० मजल्यांतही ओळखू येते. दुसऱ्या पद्धतीत मागील रांगेतील इमारती १:२०० किंवा त्याहून लहान प्रमाणात करतात. त्यामुळे त्या दूर असल्याचा भास होतो. तिसऱ्या पद्धतीत इमारतीचा केवळ दर्शनी भाग काही सेंमी. जाडीचा करून मागील चित्रपटाला चिकटवितात.

बांधणी : उंच इमारतीत एकच खिडकी शेकडो वेळा येते. प्रत्येक खिडकी स्वतंत्रपणे कापल्यास लहानसहान चुका साचत जाऊन वरचे मजले तिरके दिसतात. यासाठी पट्ट्या एका मापाच्या कापणाऱ्या साच्याचा उपयोग करतात, किंवा एका मजल्याचा नमुना करून रबरी साच्यात त्याच्या राळेच्या प्रती ओततात. काचेच्या दर्शनी भागासाठी पारदर्शक ॲक्रिलिकची पेटी करून तिच्यावर खांब व मजल्यांच्या पट्ट्या चिकटविणे सोयीचे असते. आत दिवे बसवावयाचे असल्यास भिंतींना आतून काळा रंग देतात; अन्यथा सांध्यांतून प्रकाश झिरपतो.

देखावा बहुधा वरून पाहिला जात असल्याने गच्ची हा इमारतीचा सर्वांत दिसणारा भाग ठरतो. पाण्याच्या टाक्या, उद्‌वाहकाची खोली, वातानुकूलनाची यंत्रे व जाहिरातींचे फलक तेथे दाखवितात. जपानी इमारतींत ६० मी.हून अधिक उंचीवर विमानांना इशारा देणारे तांबडे दिवे असतात, तसेच ३१ मी.पर्यंतच्या वरच्या मजल्यांवर अग्निशामक दलाच्या प्रवेशासाठी काही खिडक्यांवर तांबडे उलटे त्रिकोण असतात. अशा बारीक खुणांवरूनच इमारत कोठली ते कळते.

महाराष्ट्रातील प्रयत्न : दिवाळीत मातीचे किल्ले करून त्यांवर मावळे मांडण्याची आणि गणेशोत्सवात हलते देखावे उभारण्याची परंपरा पुण्यात जुनी आहे. प्रतिकृति-लोहमार्गाला येथे अनुकूल वातावरण होते, असे म्हणता येते. या क्षेत्रातील प्रमुख नाव भाऊसाहेब जोशी यांचे होय. तात्पुरत्या प्रदर्शनांतून सुरू झालेल्या त्यांच्या छंदाला १ एप्रिल १९९८ रोजी कोथरूड भागात उघडलेल्या लघुरेल्वे संग्रहालयाने स्थायी रूप दिले. १:८७ प्रमाणातील या नगरात निरनिराळ्या प्रकारच्या गाड्यांबरोबर उड्डाणपूल, रज्जुमार्ग, सर्कस, पोहण्याचा तलाव इ. दाखविले आहेत. गाड्या परदेशी बाजारात मिळतात; त्यांभोवतीचे आपले शहर मात्र मिळत नाही. ते हातानेच बांधावे लागते.

ही अडचण पुण्याच्या पूर्वेकडील हडपसरच्या उदाहरणाने स्पष्ट होते. पुणे–दौंड लोहमार्गावरील या स्थानकाचा परिसर ऊस व भाजीपाल्याच्या शेतांचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कारखाने आले. मगरपट्टा येथील शेतकरी कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून २००० च्या सुमारास नियोजित नगर उभारण्यास प्रारंभ केला. नंतर आजूबाजूलाही उंच मनोरे उठले. हडपसर स्थानकावरून २०२१ पासून लांब पल्ल्याच्या काही गाड्या सुटू लागल्या. शहर, लोहमार्ग व उंच इमारती यांची जपानी देखाव्यात दिसणारी सांगड येथे प्रत्यक्षात आढळते. वीस मजल्यांची, सुमारे ६० मी. उंचीची येथील निवासी इमारत १:१५० प्रमाणात ४० सेंमी. होते, म्हणजे मजले न गाळताही ती मेजावर मावते. मात्र गॅलऱ्यांवरील जाळ्या, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरील सौर बंब व काळ्या टाक्या कोणत्याही जपानी संचात नसतात. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आल्यापासून येथील कारागिरांना पुठ्ठा, लाकूड व कागद यांकडे अधिक वळावे लागले आहे.

महत्त्व : बांधकाम व्यावसायिकांच्या कार्यालयांतील प्रतिकृती होऊ घातलेली इमारत दाखविते आणि विक्री संपली की सहसा तिचे प्रयोजनही संपते. छंदी कारागीर प्रत्यक्षात असलेली इमारत तिच्या डागांसह, दुरुस्त्यांसह व शेजारच्या बैठ्या घरांसह मोजून ठेवतो. हडपसरसारख्या गावात एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत शेत जाऊन मनोरा आला. जुनी घरे बहुधा कोणी न मोजताच पाडली गेली. अशा ठिकाणी स्वहस्ते केलेली प्रतिकृती मजले गाळून केलेली असली, तरी त्या काळच्या वस्तीचा एक विश्वसनीय पुरावा ठरू शकते. त्यासाठी मूळ इमारतीची मापे, छायाचित्रे व गाळलेल्या मजल्यांची संख्या प्रतिकृतीसोबत नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.