खेळाडूची झोप कधी मोजली गेली?

कॉलेजात खेळणाऱ्या मुलांचे पालक दवाखान्यात आहाराबद्दल भरपूर विचारतात. प्रोटीन किती द्यावे? अंडी किती? पावडर चालेल का? झोपेबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारते. क्रीडावैद्यकानेही झोपेची दखल उशिराच घेतली.

सुरुवात शिकागोत

झोपेत मेंदू जवळजवळ बंद असतो, अशी समजूत बराच काळ होती. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांच्या जलद हालचालींचे टप्पे येतात, हे दाखवले. झोपेतही मेंदू कामात असतो, हे त्यानंतर स्पष्ट होत गेले. क्लाइटमन यांचे विद्यार्थी विल्यम डिमेंट पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले.

जागरणाचा विक्रम

१९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतील सॅन डिएगो येथील १७ वर्षांच्या मुलाने सलग २६४ तास जागे राहण्याचा विक्रम पूर्ण केला. त्याचे निरीक्षण करायला डिमेंट तिथे गेले होते. झोप लागू नये म्हणून त्याला बास्केटबॉल खेळवले जाई. अखेरच्या रात्री यंत्रावरच्या खेळात त्याने डिमेंटना हरवलेसुद्धा! साहजिकच, जागरणाने फारसे बिघडत नाही, असा अर्थ अनेकांनी काढला. प्रत्यक्षात त्या मुलात चिडचिड, विसराळूपणा आणि एकाग्रतेचा अभाव दिसला होता.

पुढे डिमेंट आणि मेरी कार्सकाडन यांनी दिवसा झोप किती लवकर लागते हे मोजण्याची चाचणी तयार केली. रोज थोडी थोडी कमी पडलेली झोप साचत जाते, हे त्यांच्या अभ्यासातून दिसले. ही उधारीच म्हणा ना.

उधारी फेडली तर?

जागरणाने काय बिघडते, हे तोवर बरेच तपासून झाले होते. स्टॅनफर्डमध्ये चेरी माह यांनी उलटा प्रश्न घेतला : पोटभर झोपल्यावर खेळ सुधारतो का? विद्यापीठाच्या ११ बास्केटबॉलपटूंनी ५ ते ७ आठवडे रोज किमान १० तास अंथरुणात राहायचे ठरवले. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झोप सरासरी ११० मिनिटांनी वाढली. धावण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. १० फ्री थ्रोपैकी आधी सरासरी ७.९ बास्केटमध्ये जात, ते ८.८ जाऊ लागले.

खेळाडू थोडेच होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हा आकडा प्रत्येकाला तसाच लागू होईल असे नाही. पण हे तरुण आजारी नव्हते, निवडक आणि धडधाकट होते. तरीही त्यांच्यात सुधारणेला इतकी जागा निघाली. २०१८ मध्ये तिथल्याच ६२८ विद्यार्थी-खेळाडूंच्या पाहणीत ४२ टक्क्यांहून अधिक जणांच्या झोपेचा दर्जा खराब आढळला.

आपण काय घ्यावे?

पहाटे ५ ला मैदानावर जायचे आणि रात्री १२ पर्यंत अभ्यास किंवा मोबाइल, अशा दिनक्रमात उधारी वाढतच जाते. अठरा-वीस वर्षांच्या खेळाडूला निदान ८ तास झोप हवी. सराव पहाटेचा असेल तर रात्रीची झोपेची वेळ अलीकडे आणा. दुपारी अर्धा तास झोपलात तर चालेल. सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळा. सुट्टीच्या दिवशी मुलगा दुपारपर्यंत झोपत असेल तर त्याला आळशी म्हणू नका, तो बहुधा आठवड्याची बाकी फेडतो आहे. भरपूर झोपूनही थकवा जात नसेल, मोठ्याने घोरणे असेल किंवा महिनाभर झोपच लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.